ताळा

रेडिओवर संगणकाबद्दल बोलायचं म्हणजे हात बांधून पंगतीत वाढायला उभं राहण्यासारखं आहे. छापील सदरात चित्र टाकता येतं, चौकट टाकता येते, आणि वाचक अडला तर मागची ओळ पुन्हा वाचतो. रेडिओ ऐकणारा मात्र भाकऱ्या थापत असतो, रिक्षा चालवत असतो, दुकानाचं शटर वर करत असतो. 'वरच्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांवर बोट ठेवा' असं मी सांगतो, तेव्हा त्याच्यापुढे पडदाच नसतो.

गेली काही वर्षं माझं घर तीन कामांवर चालतं. वर्तमानपत्रांत आणि मासिकांत मी तंत्रज्ञानावर लिहितो. छोट्या दुकानदारांना, दवाखान्यांना, गृहरचना संस्थांना संगणक आणि सॉफ्टवेअर घेताना सल्ला देतो. आठवड्यातून एकदा रेडिओवर अर्धा तास बोलतो. पगार कुणाचाच नाही. लेखाचं मानधन छापून आल्यावर, सल्ल्याचे पैसे काम झाल्यावर, रेडिओचे भागागणिक. मार्च संपत आला की कुणी किती टीडीएस कापला ते जुळवत बसायचं. एक पथ्य मी पहिल्यापासून पाळलंय: सल्ल्याचे पैसे घेणाऱ्यानं द्यायचे, विकणाऱ्यानं नाहीत. विक्रेत्याकडून एकदा कमिशन घेतलं, की पुढच्या आठवड्याच्या लेखातलं कुठलं वाक्य माझं आणि कुठलं त्याचं, हे मला स्वतःलाही सांगता येणार नाही.

दोन वर्षांपूर्वी एका भागात मी सांगितलं, की फोन भरला तर फोटोंची प्रत ऑनलाइन ठेवून फोनमधली जागा कशी मोकळी करायची. पायऱ्या बरोबर होत्या. एक वाक्य राहिलं: प्रत पूर्ण चढली आहे याची खात्री करा आणि मगच फोनमधले फोटो पुसा. चार दिवसांनी सांगली जिल्ह्यातून एका निवृत्त शिक्षकांचा फोन आला. नातीच्या बारशाचे फोटो गेले होते. ते रागावले नाहीत. "तुम्ही सांगितलं तसंच केलं," एवढंच म्हणाले. ते वाक्य अजून माझ्या कानात आहे. मी सांगितलेलं आपल्याकडे नीट पोचलं की नाही, हे सरांना घरबसल्या ओळखता यावं अशी कोणतीच सोय मी ठेवली नव्हती.

अशी सोय ज्याच्या पोटातच होती, असा एक रेडिओ कार्यक्रम चाळीस वर्षांपूर्वी होऊन गेला. त्याची गोष्ट मला फार मोलाची वाटते, आणि ती सांगायची तर बेलग्रेडला जावं लागतं.

१९८३ साली बेलग्रेड ही युगोस्लाव्हियाची राजधानी होती. देश समाजवादी, पण सोव्हिएत गोटाबाहेरचा. लोकांना परदेशी जाता येई, पाश्चात्त्य गाणी रेडिओवर सर्रास वाजत. घरगुती संगणक मात्र राजरोस आणता येत नव्हता. ५० जर्मन मार्कांहून महाग वस्तू परदेशातून आणायला मनाई होती आणि ब्रिटनमध्ये १९८२ साली बाजारात आलेल्या झेडएक्स स्पेक्ट्रमच्या साध्या, १६ केबीच्या नमुन्याचीच किंमत १२५ पौंड होती. म्हणजे त्या मर्यादेच्या कितीतरी पट. ज्यांना जमत होतं ते चोरून आणत. बाकीचे मासिकांतली चित्रं बघत.

लेखन, सल्ला आणि रेडिओ ही जी तीन कामं मी एकटा करतो, ती तिथं तीन माणसांत वाटली गेली होती. पहिला वोया अँतोनिच. नवीन यंत्र कसं जुळवायचं याचं उत्तर ज्याच्याकडे असायचं असा हौशी रेडिओवाला आणि संशोधक. १९८३च्या उन्हाळ्यात तो माँटेनेग्रोतल्या रिसान या किनाऱ्यावरच्या गावी सुट्टीला गेला. वाचायला सोबत काय नेलं होतं, तर आरसीए कंपनीच्या एका प्रोसेसरची माहितीपुस्तिका. ती चाळताना त्याला वाटलं, की पडद्यावर अक्षरं उमटवायला जी वेगळी, महागडी चिप लागते ती गाळून टाकता येईल. ते काम प्रोसेसरनंच करावं.

ही युक्ती समजून घेण्यासारखी आहे. त्यानं निवडलेल्या झेड८० या प्रोसेसरला एक उपजत सवय असते. काही प्रकारच्या स्मृतीतली माहिती दर थोड्या वेळानं उजळली नाही तर विरून जाते, म्हणून हा प्रोसेसर प्रत्येक सूचनेनंतर स्मृतीतल्या एकेका पत्त्यावर आपोआप फेरी मारतो. रात्रीचा गुरखा काठी आपटत गल्ली-गल्लीतून फिरतो तसा. अँतोनिचनं वापरलेली स्मृती विरणाऱ्यांतली नव्हतीच. गावात चोर नव्हते, पण गुरखा फिरतच होता. मग त्याच फेरीत पडद्यावरची अक्षरं पोचवण्याचं काम त्याच्या हातात का देऊ नये? प्रोसेसरचा बराचसा वेळ यात खर्ची पडायचा, यंत्र संथ व्हायचं, पण बाजारात सहज मिळणाऱ्या मोजक्या सुट्या भागांतून संगणक उभा राहत होता. मूळ सगळी आज्ञावली ४ केबीत बसवलेली. जागा इतकी कमी की चूक झाली तर यंत्राकडे सांगायला तीनच शब्द होते: 'व्हॉट?', 'हाऊ?' आणि 'सॉरी'. आज्ञा कळली नाही तर पहिला, कळली पण ती पार पाडता येत नसेल तर दुसरा, जागा संपली तर तिसरा.

दुसरा माणूस देयान रिस्तानोविच, तेव्हा वीस वर्षांचा विद्यार्थी. 'गालाक्सिया' नावाच्या विज्ञान मासिकात तो लिहायचा. मासिकाचा संपादक योवा रेगासेक यानं ठरवलं, की एक अख्खा विशेषांक घरगुती संगणकावर काढायचा. लेखनाचा मोठा भार रिस्तानोविचनं उचलला आणि अँतोनिचच्या यंत्राचा संपूर्ण आराखडा त्यात छापला गेला. 'तुमच्या घरातले संगणक' अशा अर्थाच्या नावाचा हा अंक १९८४च्या उंबरठ्यावर बाजारात आला. यंत्रालाही मासिकाचंच नाव मिळालं, गालाक्सिया.

माझ्यासारख्या लिहिणाऱ्याला हेवा वाटावा आणि छातीत धडकीही भरावी असं ते काम होतं. वाचक तो लेख नुसता वाचणार नव्हता. हातात तापलेलं सोल्डरिंग आयर्न घेऊन तो त्याबरहुकूम टाके मारणार होता. एक जोडणी चुकीची छापली गेली तर हजारो घरांत हजारो यंत्रं मुकी राहिली असती. अंकाच्या पुन्हा आवृत्त्या काढाव्या लागल्या आणि प्रतींचा आकडा एक लाखाच्या घरात गेला. आठ हजारांहून अधिक लोकांनी सुट्या भागांचे संच मागवले. यंत्राला खोकं नव्हतं, ते ज्यानं त्यानं आपलं करायचं. एवढी माणसं एका लेखाच्या भरवशावर पदरचे पैसे घालून बसली, याहून मोठी पावती तंत्रज्ञानावर लिहिणाऱ्याला काय मिळणार?

तिसरा माणूस झोरान मोडली, आणि माझा जीव खरा त्याच्यात गुंतलाय. १९४८ साली जन्मलेला मोडली व्यवसायानं वैमानिकही होता आणि रेडिओचा निवेदकही. 'रेडिओ बेलग्रेड २०२' या केंद्रावर (२०२ मीटरच्या मध्यम लहरींवरून पडलेलं नाव) तो 'व्हेंटिलेटर २०२' हा संगीताचा कार्यक्रम करायचा. ज्यांची तबकडी अजून निघाली नव्हती अशा नव्या गायक-वादकांच्या घरगुती ध्वनिफिती तो आवर्जून वाजवी. १९८३च्या शरदात रेगासेकनं त्याला फोन केला आणि विचारलं, संगणकाचे प्रोग्राम रेडिओवरून वाजवता येतील का?

प्रश्न वाटतो तितका विक्षिप्त नव्हता. त्या काळी घरगुती संगणकाचे प्रोग्राम साध्या कॅसेटवर साठवले जात. संगणक म्हणजे शेवटी शून्य आणि एक. हे शून्य-एक कॅसेटवर उतरवायचे तर त्यांचा आवाज करायचा. उदाहरणार्थ, एका पद्धतीत शून्यासाठी १२०० हर्ट्झच्या स्वराचं एक आवर्तन आणि एकासाठी २४०० हर्ट्झची दोन आवर्तनं. दोन्हींना वेळ तेवढाच लागतो, फक्त एक आवाज खालचा आणि दुसरा वरचा. हे दोन्ही स्वर माणसाच्या बोलण्याच्या पट्ट्यातच येतात. म्हणजे जो रेडिओ बातम्या पोचवतो, तो प्रोग्रामही पोचवू शकतो. कानाला मात्र ते भयंकर लागतं. रातकिडे आणि गिरणीचा पट्टा एकदम सुरू व्हावेत तशी सलग किर्रर्र.

मोडलीनं होकार दिला. तो आधी सांगायचा, कुठला प्रोग्राम आहे, कुठल्या यंत्रासाठी आहे, आता कॅसेट तयार ठेवा. मग ती किर्रर्र. गालाक्सियाची कॅसेटची गती सेकंदाला सुमारे २८० बिट, म्हणजे ४ केबीच्या प्रोग्रामला जवळजवळ दोन मिनिटं. ४८ केबी भरलेल्या स्पेक्ट्रमला पाच मिनिटांच्या आसपास. ज्याच्याकडे संगणक नाही त्या श्रोत्याच्या वाट्याला तेवढा वेळ निव्वळ कर्कश आवाज. संगीताच्या कार्यक्रमात निवेदकानं ही जोखीम घेतली, याचं मला रेडिओवर बोलणारा माणूस म्हणून फार अप्रूप आहे. आम्हाला चार सेकंदांची शांतता झाली तरी घाम फुटतो.

आता श्रोत्याच्या बाजूनं बघा. रेडिओ आणि टेपरेकॉर्डर जोडलेले, बोट रेकॉर्डच्या बटणावर. घरात कुणी मिक्सर लावला, बाहेर वीज चमकली, केंद्र क्षणभर सरकलं, की आवाजात खरखर. गाण्यात अशी खरखर चालून जाते, कान ती गिळून टाकतो. प्रोग्राममध्ये एक शून्य हरवलं तरी सगळं वाया. मग हे नीट उतरलंय की नाही, हे कसं कळायचं?

त्याचं उत्तर शाळेत आपण सगळे शिकलोय. लांबलचक गुणाकार केला की गुरुजी नवाचा ताळा घ्यायला लावत. उत्तर बरोबर आहे का हे पाहायला सगळा गुणाकार पुन्हा करायची गरज नाही, आकड्यांच्या बेरजांवरून एक छोटा आकडा काढायचा आणि तो जुळतो का बघायचं. पेढीवरचा मुनीमही रोज संध्याकाळी हेच करायचा. कॅसेटवरच्या प्रोग्रामच्या शेवटी असाच एक आकडा असतो. पाठवणारं यंत्र सगळे बाइट एका ठरलेल्या रीतीनं एकत्र करतं आणि निघालेला आकडा शेपटीला जोडतं. घेणारं यंत्र स्वतः तोच हिशेब करतं आणि शेपटीतल्या आकड्याशी ताडून पाहतं. जुळला तर प्रोग्राम चालू. नाही जुळला तर स्पेक्ट्रमच्या पडद्यावर 'टेप लोडिंग एरर' असं येई, आणि पुढच्या प्रक्षेपणाची वाट बघायची.

मोडलीला त्याचे श्रोते दिसत नव्हते, मला माझे दिसत नाहीत. पण त्याच्या प्रत्येक श्रोत्याच्या घरी त्या संध्याकाळीच निकाल लागत होता, आणि तो निकाल मोडली देत नव्हता, तज्ज्ञ देत नव्हता, स्टेशनचा अधिकारी देत नव्हता. श्रोत्याच्या टेबलावरचं यंत्र देत होतं. मला यातलं हे सगळ्यात मोठं वाटतं. सांगणाऱ्यावर विश्वास ठेवायचाच, पण तो ठेवला म्हणून नुकसान होणार नाही, याची व्यवस्था त्या आवाजातच भरलेली.

श्रोते लवकरच उलट्या दिशेनंही कामाला लागले. त्यांनी स्वतः लिहिलेले खेळ, अभ्यासाचे प्रोग्राम, बातम्यांचं एक छोटं इलेक्ट्रॉनिक नियतकालिक अशा कॅसेटी टपालानं मोडलीकडे येऊ लागल्या, आणि तो त्या वाजवू लागला. एकाचा प्रोग्राम दुसऱ्यानं उतरवून घ्यायचा, सुधारायचा, परत पाठवायचा, तो पुन्हा हवेत जायचा. तीनेक वर्षांत सुमारे दीडशे प्रोग्राम या मार्गानं गेले. नव्या गायकांच्या घरगुती ध्वनिफिती वाजवणाऱ्या माणसाला नव्या प्रोग्रामरांच्या घरगुती कॅसेटी परक्या वाटल्या नसणार.

बेलग्रेड एकटं नव्हतं. नेदरलँड्समध्ये एनओएस या प्रसारण संस्थेचा 'हॉबीस्कूप' हा कार्यक्रम त्याआधीपासून प्रोग्राम वाजवत होता. तिथली अडचण निराळी होती. घरोघरी वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं आणि प्रत्येकाची प्रोग्राम लिहायची 'बेसिक' ही भाषा थोडी वेगळी. वऱ्हाडी, मालवणी आणि अहिराणी बोलणाऱ्यांना एकाच वेळी एकाच शब्दांत पाककृती सांगायची तशी गत. त्यावर त्यांनी 'बेसिकोड' नावाची एक प्रमाणभाषा बेतली. प्रोग्राम हजाराव्या ओळीपासून सुरू करायचा. हजाराच्या आतल्या ओळी ज्याच्या त्याच्या यंत्रासाठी राखीव. पडदा पुसायचा असेल तर प्रोग्राम फक्त शंभराव्या ओळीला हाक मारणार, आणि पडदा कसा पुसायचा हे तिथं त्या त्या यंत्राच्या बोलीत आधीच लिहून ठेवलेलं असणार. बीबीसीच्या 'चिप शॉप' या रेडिओ कार्यक्रमानंही पुढे हीच पद्धत उचलली. वर दिलेलं १२०० आणि २४०० हर्ट्झचं उदाहरण या बेसिकोडचंच.

आपल्याकडे स्पेक्ट्रम पोचला तो पुण्यातून. तिथल्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीनं परवाना घेऊन 'डीबी स्पेक्ट्रम' बाजारात आणला. ज्यांनी तो वापरलाय, त्यांना ती किर्रर्र आणि स्क्रू-ड्रायव्हरनं टेपरेकॉर्डरचं हेड अर्धा-पाव आटा फिरवून आवाज 'स्वच्छ' करण्याचा खटाटोप आजही आठवतो. ताळा जुळेपर्यंत पुन्हा पुन्हा लावायचं.

त्या तिघांपैकी मोडली २०२० साली गेला. रिस्तानोविच लिहीत राहिला. १९८९ साली त्यानं 'सेझाम' ही टेलिफोनवरून जोडली जाणारी संगणकसेवा सुरू केली आणि १९९५ साली 'पीसी प्रेस' हे मासिक उभं केलं. अँतोनिचनं नव्वदच्या दशकात गालाक्सियाचे आपल्याकडचे मूळ नमुने कुणाला नको असतील असं समजून टाकून दिले. एक उरला, तो आता बेलग्रेडच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान संग्रहालयात आहे.

सरांच्या त्या फोननंतर मी माझ्या कार्यक्रमाची संहिता लिहायची रीत बदलली. आता मी आधी शेवट लिहितो: सगळं नीट झालं असेल तर ऐकणाऱ्याला काय दिसेल, ऐकू येईल किंवा मोजता येईल? ते सापडत नसेल तर तो विषय रेडिओवर घेत नाही, लेखासाठी ठेवतो. लाइटबिल ऑनलाइन भरायचं सांगताना 'पावतीचा क्रमांक कागदावर लिहून घ्या, तो क्रमांक आला नसेल तर पैसे गेले असं धरू नका, आणि पुन्हाही भरू नका, आधी खात्याचा मेसेज बघा' हे माझं पहिलं लिहून होतं, पायऱ्या नंतर. अर्ध्या तासात पूर्वी मी पाच गोष्टी सांगायचो, आता दोन बसतात. निर्मात्याला सुरुवातीला हे फार संथ वाटलं. ते खरंच संथ आहे.

फोटोंचा विषय मी पुन्हा घेतला. त्या वेळी सांगितलं, की प्रत करण्याआधी अल्बममध्ये एकूण किती फोटो आहेत तो आकडा लिहून ठेवा. प्रत चढल्यावर दुसरीकडचा आकडा बघा. शेवटचे चार फोटो उघडून बघा. दोन्ही आकडे सारखे असतील तरच पुढे जा, एकाचा जरी फरक असेल तर काहीही पुसू नका. बारशाचे फोटो काही परत आले नाहीत. नातेवाइकांच्या फोनवरून सरांना त्यातले आठ-दहा मिळाले.

दर तीन-चार महिन्यांनी त्यांचा फोन येतो. आधी तब्येतीची विचारपूस, पावसापाण्याचं, आणि मग चष्मा लावून कागदावरचं वाचल्यासारखं म्हणतात, "दोन हजार तीनशे सोळा. दोन्हीकडे."